पाणपोईचं पाणी निळं झालं

पंचशीला सोनोने जुन्या इंदुरातल्या आपल्या गल्लीत कुणालाच आवडत नसे, आणि कुणाला आवडावं म्हणून तिनं कधी काही केलंही नाही. कुणाच्या घरी गेली तर पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघायची. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सगळ्यांदेखत विचारायची, "हात धुतले का?" सराफ्यातल्या खाऊगल्लीत पाणीपुरी खात उभ्या असलेल्या माणसाला ती त्या पाण्याबद्दल असं काही सांगे, की त्याच्या हातातली पुरी हातातच राही. पोरांनी तिचं नाव जंतूबाई ठेवलं होतं. मोठी माणसं तोंडावर 'मॅडमजी' म्हणत आणि पाठ वळली की जंतूबाईच.

ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक होती. तिथं पिण्याच्या पाण्यातले जिवाणू ओळखायची नवी पद्धत बसवण्याचं काम चालू होतं. एरवी हे काम बशीत होतं. काचेच्या बशीत जिवाणूंचं खाद्य घालायचं, त्यावर पाणी सोडायचं, बशी ऊबदार पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे ठिपके उगवलेत का ते बघायचं. दुसरा दिवस उजाडेपर्यंत लोक ते पाणी पिऊन मोकळे झालेले असतात. नव्या पद्धतीत सोन्याचे कण वापरायचे. मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या एखाद-दोन भागांएवढा एकेक कण. एवढं बारीक सोनं पिवळं दिसत नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. त्या कणांवर विष्ठेतल्या जिवाणूंना ओळखून चिकटणारे रेणू बसवलेले असतात. पाण्यात ते जिवाणू असले की कण त्यांच्याभोवती गोळा होतात, एकमेकांना खेटतात, आणि खेटले की लाल रंग जाऊन निळा होतो. चहा गाळून होईपर्यंत उत्तर समोर.

पंचशीलाला या कामाचं वेड होतं. तिचे आजोबा नथू महूच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा घरात एक कायदा होता: घरून पाणी पिऊन निघायचं, कुणाच्या दारी पाणी मागायचं नाही. का, ते सांगायची गरज नव्हती. नातवंडांपर्यंत तो कायदा नुसत्या सवयीसारखा आला. पंचशीला कुठंही गेली तरी तिच्या पिशवीत स्वतःची बाटली असे. एवढ्या वर्षांत गल्लीतल्या पाणपोईसमोरून ती हजारदा गेली असेल, पण माठाजवळ कधी थांबली नाही.

ती पाणपोई, म्हणजे इंदूरच्या बोलीत प्याऊ, जयसिंगरावांची. त्यांची बायको कुमुदिनीबाई एका उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जयसिंगराव ओट्यासमोर मांडव घालत, लाल फडक्यात गुंडाळलेले तीन माठ तिवयांवर ठेवत आणि वर पाटी लावत, 'कै. कुमुदिनीबाईंच्या स्मरणार्थ'. रिक्षावाले, हमाल, शाळेतून येणारी पोरं, सगळे तिथं पीत. सत्तरी ओलांडलेला हा माणूस ओगराळं घेऊन स्वतः बसे, आणि पाणी वाया घालवणाऱ्याला शिव्या देई.

यंदा वैशाखात गल्लीतली पोरं आजारी पडायला लागली. पहिल्यांदा मनोरमाबाईंचा नातू यशवर्धन. उलट्या, जुलाब. मग आणखी दोन घरांत. पंचशीलानं आल्यागेल्याला विचारलं, पोरं पाणी कुठं पितात? उत्तर सगळीकडे एकच. "कुठं म्हणजे? काकाजींच्या प्याऊवर."

रविवारी दुपारी ती हातात काचेच्या नळ्या घेऊन पाणपोईवर गेली. जन्मात पहिल्यांदा.

"आज इकडे कशा मॅडमजी?" जयसिंगराव म्हणाले. "बाटली फुटली काय?"

"पाणी तपासायचंय."

"तपास की. नर्मदेचं आहे. पिणारे आशीर्वाद देऊन जातात."

तिनं नळीत माठातलं पाणी घेतलं, त्यात लाल द्रावण सोडलं आणि नळी उभी धरली. दोन रिक्षावाले आणि चार पोरं बघत राहिली. लाल रंग आधी जांभळा झाला. मग निळा झाला.

जयसिंगरावांना निळ्याचा अर्थ माहीत नव्हता, पण तिच्या चेहऱ्याचा कळला. "काय झालं?"

"पाणी खराब आहे. यात जिवाणू आहेत, संडासातले. आत्ताच्या आत्ता बंद करा."

म्हातारा उठून उभा राहिला. "माझ्या बायकोच्या नावाचं पाणी आहे हे."

"नाव कुणाचंही असू दे. पाणी खराब आहे."

"तुमच्या लोकांना जिकडे तिकडे निळंच दिसतं," जयसिंगराव म्हणाले. "पाण्यातपण तुमचा झेंडा निघाला काय?"

ती वाक्य गिळून बसणारी बाई नव्हती. "शंभर वर्षांपूर्वी आम्ही शिवलो की तुमचं पाणी विटाळायचं," ती म्हणाली. "आज आम्ही न शिवताच घाण निघालं. त्याला मी काय करू?"

एवढं पुरेसं होतं. एका पोरानं फोनवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर फिरला. खाली लोकांनी लिहिलं, 'स्वच्छतेत नंबर वन शहर आणि ही प्याऊ!' कुणी इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ, लावून लिहिलं, 'काकाजी, आजीच्या नावावर लोकांना मारता का भिया?' सोमवारी सकाळी जयसिंगरावांनी तिन्ही माठ पालथे घातले, पाटी उतरवली आणि दार लावून घेतलं.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. प्रयोगशाळेचा नियम होता की नळीचा रंग काहीही येवो, बशीतलं उत्तर मिळेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. नियम प्रकल्पाचे प्रमुख शार्दूल सरांनीच घातलेला. ते नाशिकहून आलेले, पंचशीलापेक्षा वयानं लहान, आवाज कधी न चढवणारे. पंचशीलाला तो नियम पाठ होता. पण पोरं आजारी असताना एक दिवस थांबायचं तिच्यानं झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दारात 'खराब' हा शब्द उच्चारताना तिला थोडं बरंही वाटलं होतं.

रविवारीच तिनं माठाचं बाटलीभर पाणी नेऊन बशी लावली होती. सोमवारी ती पेटीतून काढली. बशी कोरी होती. एकही ठिपका नाही.

"पंचशीलाताई, बशी खरी की नळी?" सरांनी विचारलं.

"पेटी बिघडली असेल. रात्री लाइट गेली होती."

"यूपीएस आहे."

"मी परत लावते."

"लावा. पण त्या काकांना आज सांगून या. निदान नक्की नाही म्हणून तरी."

"परत लावल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि गेली नाही. नमुना पुरेसा शिल्लक होता. तिनं बशी परत लावली. ती परत कोरी आली. नळी परत निळी आली. ती तशीच अडून बसली. आपली चूक निघाली तर त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहावं लागेल, हे तिला सहन होत नव्हतं.

पाणपोई बंद झाली म्हणून तहान बंद होत नाही. वैशाखातलं इंदूर, डांबर पायाला चिकटतं. लोक गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बोअरच्या नळाकडे वळले. तो नळ पूर्वीपासून होता, पण पाणी जरा मचूळ म्हणून गाड्या धुवायला आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना तोंड लावायलाच कामी येई. आता तिथं रांग लागली. जयसिंगरावांची नात वल्लरी, जी रोज आजोबांजवळ माठाखाली बसून खेळायची, तीही त्या नळावर ओंजळ धरायला लागली. गुरुवारी तिला हॉस्पिटलात नेलं. सलाईन लागलं.

त्या दिवशी दुपारी वल्लरीची आई सरला कपडे न्यायला घरी आली, आणि घरात जाण्याआधी पंचशीलाच्या दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"बाहेर ये जंतूबाई!"

पंचशीला बाहेर आली. तिची आई मंजुळाबाई मागे उंबऱ्यात.

"पोरगी डोळे उघडत नाही माझी! सात वर्षं त्या माठाचं पाणी पिऊन ठणठणीत होती. अगं, माझा सासरा पहाटे उठून फडक्यानं पाणी गाळतो, तीन-तीनदा फिटकरी फिरवतो, गाळ खाली बसेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही, आम्हाला ओरडतो! असं पाणी घाण? आणि तुझी ती काचेची नळी तेवढी शहाणी?"

"काय फिरवतात?" पंचशीलानं विचारलं.

"बहिरी आहेस काय? फिटकरी! तुरटी! सासूबाई फिरवायच्या तशी!"

सरला आणखी पुष्कळ बोलली. पंचशीलाच्या जातीबद्दल बोलली, लग्न न झाल्याबद्दल बोलली. मंजुळाबाईंनीही तिला सोडलं नाही. "आधी पोरीकडे जा," त्या म्हणाल्या, "मग तोंड चालव. वाईट पाणी आम्ही नाही पाजलं तुझ्या पोरीला." पंचशीलाला यातलं काही ऐकू आलं नाही. ती चपला घालून निघाली होती.

प्रयोगशाळेत तिनं साधं, शुद्ध पाणी घेतलं. त्यात तुरटीचा खडा जरासा फिरवला आणि लाल द्रावण सोडलं. नळी निळी झाली. पाण्यात एकही जिवाणू नव्हता, तरी निळी झाली. तुरटी जसा गढूळ पाण्यातला गाळ एकत्र ओढते, तसेच तिनं सोन्याचे कण एकत्र ओढले होते. नवी पद्धत बसवताना प्रयोगशाळेत सगळ्यांनी नदीचं पाणी तपासलं होतं, नळाचं तपासलं होतं, मीठ घालून तपासलं होतं, क्लोरीन घालून तपासलं होतं. तुरटी फिरवून पाणी पिणारं तिथं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या घरी फिल्टर. आणि ज्या एका बाईच्या गल्लीत रोज पहाटे तुरटी फिरत होती, ती बाई त्या माठाकडे कधी बघत नव्हती.

मग तिनं तुरटीला आधीच पकडून ठेवणारं एक रसायन नळीत घातलं. आता तुरटीचं पाणी लाल राहिलं, आणि प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू घातलेलं पाणी निळं झालं. कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी तिनं येता येताच भरून आणलं होतं. तेही निळं झालं. या वेळी ती थांबली. शुक्रवारी बशी काढली, तर तिच्यावर जांभळ्या ठिपक्यांची गर्दी उसळलेली. क्रिकेट खेळून याच नळाला तोंड लावणारी पोरंच आधी आजारी पडली होती.

"आता सांगायला हवं," शार्दूल सर म्हणाले. "मी येऊ बरोबर?"

"नको. तुमच्याशी लोक गोड बोलतील. पण नळाचं कुणी ऐकणार नाही. चूक माझी, मीच सांगते."

महापालिकेत तिनं तक्रार नोंदवली. सोमवारी माणूस येईल, असं उत्तर मिळालं. सोमवारपर्यंत तो नळ चालू राहणार होता. शनिवारी गल्लीत बाहेरगावचं वऱ्हाड उतरणार होतं. प्रश्न एवढाच उरला होता की त्या नळाचं पाणी आणखी किती जण पिणार, आणि जिचं तोंडही बघायला कुणी तयार नाही, त्या बाईचं कोण ऐकणार.

जयसिंगराव ओट्यावर बसले होते. ती समोर उभी राहिली.

"काका, तुमचं पाणी चांगलं होतं. माझी तपासणी चुकली. तुमच्या तुरटीनं रंग बदलला होता."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "ऐकू नाही आलं."

तिनं परत सांगितलं.

"माझे कान ठीक आहेत. गल्लीला नाही आलं ऐकू. माझी इज्जत तू गल्लीत काढलीस, ओट्यावर नाही."

ती वळली आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडली. "काकाजींच्या प्याऊचं पाणी चांगलं होतं! चूक माझी होती! खराब पाणी कोपऱ्यावरच्या नळाचं आहे! ते कुणी पिऊ नका!"

दारं उघडली. लोक बाहेर आले, ते ऐकायला कमी आणि हसायला जास्त. तिनं दोन नळ्या काढल्या. माठातलं जपून ठेवलेलं पाणी लाल राहिलं, नळाचं निळं झालं.

"वा भिया, जादूगार!" एक रिक्षावाला म्हणाला. "रविवारी हे निळं, आज ते निळं. उद्या काय आमचा चहा निळा करणार?"

"रंग तर रंगपंचमीलापण बदलतो," दुसरा म्हणाला.

मनोरमाबाई खिडकीतून बोलल्या, "हिचं ऐकून एकदा पोरं हॉस्पिटलात घातली. आता परत ऐकायचं?"

आणि लोक पांगले. तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस नळाखाली बाटली धरून उभा राहिला, मुद्दाम तिच्याकडे बघत प्यायला आणि ढेकर दिला.

"प्याऊ उघडा काका," ती म्हणाली. "माझं नाही ऐकणार. पण थंड पाणी दिसलं तर नळावर कोण जाईल?"

जयसिंगरावांनी कोपऱ्यावरच्या नळाकडे पाहिलं. "उघडतो," ते म्हणाले. "पण बसायचं तू. मी नाही. लोक विचारतील ना, रविवारी घाण होतं ते आज चांगलं कसं? त्यांना तू उत्तर दे. उन्हात बसून दे. सगळ्यांच्या शिव्या खा, मी पाच दिवस खाल्ल्या तशा."

"बसते."

घरी मंजुळाबाईंनी आकांत केला. "तुझे आजोबा कुणाच्या दारी पाणी प्यायले नाहीत, आणि तू त्यांच्या दारात पाणक्या होणार? चूक झाली, सांगितली, संपलं. लोटांगण कशाला?"

"लोटांगण नाही आई. नळ बंद व्हायला हवा."

"तो महापालिका करेल."

"सोमवारी. आज शुक्रवार आहे."

शनिवारी सकाळी ती मांडवाखाली बसली. माठ जयसिंगरावांनीच भरले होते, तिला हात लावू दिला नव्हता. फक्त ओगराळं तिच्या हातात दिलं. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जात होता. "आज कोणता रंग आहे मॅडमजी?" "पिऊन मेलो तर पोस्टमार्टम तूच करशील ना?" ती प्रत्येकाला तेच सांगत होती, चूक माझी होती, पाणी चांगलं आहे, नळाचं पिऊ नका. वऱ्हाडातले बाहेरगावचे लोक तिला ओळखत नव्हते. ते मुकाट्यानं पिऊन जात होते. तिला तेवढं पुरत होतं.

दुपारी मनोरमाबाई देवळातून परत आल्या. ऊन मी म्हणत होतं. घामानं कुंकू ओघळलेलं. त्या माठापाशी थांबल्या.

"ओगराळं खाली ठेव. मी घेते माझं."

"मीच देते. सगळ्यांचे हात लागले की पाणी बिघडतं."

"सगळ्यांचे," मनोरमाबाई म्हणाल्या आणि तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून सरळ नळाकडे चालू लागल्या. मांडवाखाली दोन बायका पाण्यासाठी उभ्या होत्या. त्याही एकमेकींकडे बघून मागे सरकल्या आणि त्यांच्यामागे निघाल्या.

पंचशीला उठली. धावत पुढे गेली आणि नळाला पाठ लावून उभी राहिली. "हे नाही पिऊ देणार मी."

"बाजूला हो. शिवशील."

ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. तो शब्द बऱ्याच वर्षांत तिथं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. पंचशीला हलली नाही. "शिवले तर आंघोळ कराल," ती म्हणाली. "हे पाणी प्यालात तर ती करायला उठवणार नाही."

मागून जयसिंगराव आले. हातात मोठा पाना होता. मिलमध्ये आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. त्यांनी पंचशीलाला खांद्यानं बाजूला सारलं, नळाला पाना लावला आणि जोर करायला लागले.

"जयसिंगराव, काय करताय? सरकारी नळ आहे!" मनोरमाबाई ओरडल्या.

"सरकारनं मला धरावं."

"हिच्या सांगण्यावरून?"

"हिचं मला सांगू नका. हिला मी मरेपर्यंत माफ करणार नाही." पाना सरकला, नळ कुरकुरत फिरला. "पण वल्लरी काल शुद्धीवर आली, आणि तिनं पहिलं काय मागितलं माहीत आहे? पाणी. ते पाजलं आणि विचारलं, आजारी पडायच्या आधी कुठं पाणी प्यायलीस? तिनं याच नळाचं नाव घेतलं. मला बशी कळत नाही आणि नळी कळत नाही." नळ हातात आला. त्यांनी उघड्या पाइपात लाकडी बुच ठोकलं. "प्यायचं असेल तर माझ्या दारी प्या, ही देईल तसं. नाहीतर तहान घेऊन घरी जा."

मनोरमाबाई तहान घेऊन घरी गेल्या. दार त्यांनी एवढ्या जोरानं लावलं की कडी वाजत राहिली. दोन बायकांपैकी एक त्यांच्या मागे गेली. दुसरी थोडा वेळ उन्हात उभी राहिली, मग मांडवाकडे आली आणि पंचशीलाच्या चेहऱ्याकडे न बघता तांब्या पुढे केला. पंचशीलानं तो भरला.

संध्याकाळी माठ रिकामे झाल्यावर जयसिंगराव बाहेर आले.

"उद्या पहाटे ये. तुरटी किती फिरवायची, ते बघून घे. म्हणजे परत कुणाच्या दारात जाऊन तमाशा करणार नाहीस."

"येते."

"माफ केलं असं समजू नको."

"मी माफी मागितलीच नाही," पंचशीला म्हणाली. "चूक सांगितली. आणि झेंड्याचं तुम्ही जे बोललात, ते मीपण विसरलेले नाही."

जयसिंगरावांनी तिच्या हातातून ओगराळं ओढून घेतलं आणि आत जाऊन कडी लावली.